खोबरेल तेल आणि बारा झडपा

यशोधन शेवडे ख्राइस्टचर्चला आला तो बांधकाम व्यवस्थापन शिकायला, आणि रमला सुतारकामात. असं होतं. माणूस बाजारात वांगी आणायला जातो आणि भोपळा घेऊन येतो.

भूकंपानंतर इथे नवं उभारणारे पुष्कळ, जुनं जसंच्या तसं बसवणारे मोजके. त्या मोजक्यांतल्या एका छोट्या कंपनीत तो सहा-सहा महिन्यांच्या करारावर होता. काम चाललं होतं एका जुन्या पबचं. पब थेट इंग्लंडच्या धर्तीचा: कमरेपर्यंत हिरव्या टाइल्स, छताला नक्षीचा पत्रा, महोगनीचा लांबलचक काउंटर आणि खाली पाय टेकायला पितळी नळी. पण खरी गंमत काउंटरवरच्या चौकटीत. तिच्यात दुधी काचेच्या बारा छोट्या झडपा, प्रत्येकीवर द्राक्षाचा वेल कोरलेला, प्रत्येक झडप आपापल्या खिळीवर फिरणारी. पूर्वी अब्रूदार मंडळी तिच्यामागे बसत. ग्लास हवा झाला की झडप तिरकी करायची, हात पुढे करायचा, झडप मिटायची. देणाऱ्याला तोंड दिसलं नाही म्हणजे आपण प्यायलोच नाही. अशी मंडळी आपल्याकडेही असतात, फक्त त्यांच्यासाठी कुणी महोगनी खर्च केली नाही.

मुकादम ग्रॅहमने फेब्रुवारीतच सांगून ठेवलं होतं. "यश, तपासणीत या झडपा फिरल्या तर तुझा कायम नोकरीचा कागद मी स्वतः ऑफिसात नेईन. नाही फिरल्या तर चौकट गोदामात, आणि तू..." वाक्य अर्धं सोडायची त्याला खोड होती.

यशोधनने खिळ्या घासून बसवल्या. झडपा करकरू लागल्या. दार करकरलं की घरात भांडण होतं, हे ऐकत वाढलेला माणूस तो. बॅगेत डोक्याला लावायची खोबरेलाची बाटली होती. प्रत्येक खिळीला दोन-दोन थेंब सोडले. बोटाच्या टोकाने झडपा फिरल्या. "स्वीट ॲज," ग्रॅहम म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत झकास.

तपासणी ठरली जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यात. त्या सकाळी गवतावर बर्फाची साय होती आणि पबातलं हीटिंग अजून जोडलेलं नव्हतं. जुन्या वास्तूंची तपासनीस मिरिआमा आली, माओरीत "किया ओरा" असा नमस्कार केला आणि पहिल्या झडपेला हात घातला. झडप ढिम्म. दुसरी, तिसरी, तीच गत.

"लाकूड फुगलं असेल," ग्रॅहम म्हणाला.

"मग चौकट काढून ठेवावी लागेल," म्हणत तिने कागद उघडला.

यशोधनला केव्हाच कळून चुकलं होतं. थंडीत थिजलेली बाटली उन्हात ठेवायचं काम लहानपणी त्याच्याकडेच असे.

"ग्रॅहम, लाकूड नाही. खिळ्यांना मी तेल घातलंय. डोक्याचं."

"कुणाच्या डोक्याचं?"

"माझ्या. नारळाचं असतं. थंडीत थिजतं."

ग्रॅहम त्याच्या केसांकडे पाहत राहिला. "आणि आतलं? तेही थिजलंय का?"

"किटली कुठेय?"

गरम पाण्यात फडकं पिळून तो एकेका खिळीवर धरत गेला. घाई केली तर काच तडकायची, म्हणून सावकाश. तिसऱ्या फडक्याला पहिली झडप हलली. मिरिआमा पलीकडच्या बाजूला जाऊन बसली आणि प्रत्येक झडप मोकळी झाली की तिच्यातून डोकावू लागली. बाराव्या झडपेपर्यंत पाऊण तास गेला.

"हे तेल पुरतं काढता येईल?" मिरिआमाने विचारलं.

"आजच काढतो."

तिने लिहिलं: झडपा चालतात, चौकट जागेवरच राहील, महिन्याने पुन्हा पाहणी.

ती गेल्यावर ग्रॅहम म्हणाला, "खिळ्यांना पेन्सिलीचं शिसं चोळतात रे. माझ्या बापाला विचारलं असतंस तर सांगितलं असतं त्याने."

"कुठे असतात ते?"

"वारला. वीस वर्षं झाली."

महिन्याची पाहणी पार पडली आणि ऑगस्टमध्ये कायम नोकरीचा कागद आला. शेवटच्या पानावर, जुन्या लाकडावर काय वापरू नये याची छापील यादी होती: सिलिकॉन, वॉर्निश, चटकन सुकणारा गोंद. तिच्याखाली ग्रॅहमने पेनने एक ओळ वाढवली होती: केसांचं तेल. यशोधनने ती दोनदा वाचली आणि सही केली.