माळ्यावरचा फोन

आमच्या घरातलं नेट दुपारी दोनच्या आत संपायचं. ते कोण खातं हे शोधण्याच्या नादात मी एका आईजवळ तिच्या मुलीचं जेवढं उरलं होतं तेवढं पुसून टाकलं. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचताना कुणाला माझ्या चिकाटीचं कौतुक वाटायचं, आणि ते मला सहन होणार नाही.

मी गुजरातच्या सीमेजवळच्या खापर गावात हायस्कुलात गणित शिकवतो. घरात आम्ही दोघंच, मी आणि बायको. नेट म्हणजे सिमकार्डावर चालणारा एक पांढरा डबा. दिवसाला ठरलेला डेटा मिळतो, तो संपला की पान उघडायला इतका वेळ लागतो की मधल्या वेळात चहा करून होतो. आम्हाला तेवढा डेटा भरपूर व्हायचा. शाळेची ऑनलाइन माहिती भरायची, एखादा धडा बघायचा, बायकोला तिची भजनं ऐकायची. मग दिवाळी झाली आणि एकाएकी नेट दुपारीच मान टाकायला लागलं.

मला हिशेब न जुळणं सोसत नाही. स्वभावच तसा आहे, आणि त्याचा मला उगाच अभिमानही होता. मी एक वही केली, तासातासाचे रकाने आखले, किती डेटा गेला ते लिहू लागलो. पहिल्याच पानावर माझ्या हाताने लिहिलंय, ‘दिवाळीनंतर सुरू’. दिवाळीनंतर आमच्या घरात नवीन काय आलं, एवढाच प्रश्न स्वतःला विचारायचा होता. तो विचारला नाही.

आधी बायकोवर संशय घेतला. तिची भजनं चार दिवस बंद करवली. तिने मुकाट्याने बंद केली आणि पोळ्या लाटताना स्वतःच गुणगुणायला लागली. नेट तरीही दोनलाच संपलं. मग शेजारी. भिंतीपलीकडचे म्हातारे गृहस्थ दुपारी खुर्ची आमच्या भिंतीला टेकवून मोबाइल बघत बसायचे. मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. पासवर्ड त्यांच्याजवळ कधी नव्हताच, ते बिचारे सावलीसाठी बसत होते.

मग पाळी कॉम्प्युटरची. तो सावकाश चालायचा, आणि शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी भीती घालायचं: अमक्याचा कॉम्प्युटर कुलूपबंद झाला, तमक्याच्या फायली चोरीला गेल्या. मी कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली. व्हायरस शोधणारं सॉफ्टवेअर घातलं. दोनदा सगळा कॉम्प्युटर कोरा करून नव्याने भरला आणि त्यात माझ्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. उलट साफसफाईचा आनंदच झाला. पुसून टाकण्याची चटक मला तिथेच लागली असावी.

शेवटी शाळेतल्या एका सहकाऱ्याने सांगितलं की त्या पांढऱ्या डब्याचं एक पान असतं, त्यावर कोणकोण जोडलेलं आहे त्याची यादी दिसते. यादीत चार नावं होती. माझा फोन, तिचा फोन, कॉम्प्युटर आणि चौथं काहीतरी, नुसती अक्षरं आणि आकडे. सापडला चोर! मी त्याला तिथल्या तिथे बंद केलं. त्या दिवशी नेट रात्रीपर्यंत पुरलं. मी वहीत तांबड्या शाईने बरोबरची खूण केली.

चौथं नाव कुणाचं होतं ते आता सांगतो. आमच्याकडे दिवाळी झाली की डोंगरातली कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात. जाताना घराचं दार नुसतं ओढून घेतात. जपायच्या चार वस्तू असतात त्या खापरला, गाड्या जिथून सुटतात तिथल्या ओळखीच्या घरी ठेवून जातात. ती ठेव. तिची ना यादी, ना चिठ्ठी. होळीच्या आधी येतात आणि जशीच्या तशी घेऊन जातात, कारण होळीला आपल्या गावी नसणं त्यांना चालतच नाही. माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची बायको आमच्याकडे ठेव ठेवायचे. पत्र्याची पेटी, धान्याचा डबा, आणि होळीच्या नाचात तो घालतो तो मोरपिसांचा उंच टोप, कमरेला बांधायचे सुके भोपळे, घुंगरू. हे सगळं आमच्या माळ्यावर.

त्या दिवाळीला त्यांनी एक जादा वस्तू दिली. काच तडकलेला एक जुना फोन. गाडी भरत होती, भोंगा वाजत होता. तो घाईघाईने म्हणाला, “सर, हाऊ फोन चार्जिंगलेच लाई ठेवज्यात. दुकानवाला सांगे, नेट चालू ऱ्हायनं तर सगळं वर चढी जाई, मंग काही भ्याव नही.” मी एकीकडे पेपर तपासत होतो. त्याने फोन पुढे केला, मी त्यात पासवर्ड टाकला आणि हूं म्हटलं. माझ्याच बोटांनी टाकला. पाचव्या मिनिटाला विसरलो. बायको मात्र विसरली नाही. ती रोज सकाळी शिडीवर चढून चार्जर लागलाय ना ते बघायची, देवापुढे दिवा लावावा तितक्या नेमाने.

चोर पकडल्यावर दोन दिवसांनी बाजार होता. पिशवी घेऊन निघतानिघता ती म्हणाली, “आयकं का, माळ्यावरना फोनवर नेटनी खूण दिसत नही. तेवढं देखी ल्या.”

माळ्यावरचा फोन! मी शिडी चढलो तेव्हा मनात राग होता आणि त्याहून जास्त जिंकल्याचा आनंद. फोन तापलेला होता. उघडला तर एकावर एक जाहिराती उड्या मारत होत्या, एक बंद करावी तर दोन नव्या. याच्यातच व्हायरस आहे, यानेच माझा कॉम्प्युटर बिघडवला, असा निकाल मी उभ्याउभ्या दिला. आता याला धुऊन काढायचा आणि त्यांना स्वच्छ फोन परत द्यायचा. खरंच सांगतो, मला तो उपकार वाटत होता.

पुसण्याआधी मी आतले फोटो उघडले. रेशनकार्ड, कोंबड्या, शेताचा बांध, आणि एक लांबलचक व्हिडिओ. तो लावला. सहासात वर्षांची एक मुलगी बापाचा मोरपिसांचा टोप घालून उभी होती. टोप इतका मोठा की डोळ्यांवर येत होता. कमरेचे भोपळे गुडघ्यांवर आपटत होते. ती बापासारखी पाय आपटून नाचत होती आणि मध्येच थांबून फोन धरणाऱ्या आईला काहीतरी दटावत होती. आई हसत होती, त्यामुळे चित्र हलत होतं. तो टोप तेव्हा माझ्या डोक्याशी खुंटीला लटकत होता. मला हसू आलं. मी अर्धं मिनिट बघितलं असेल. मग मनात म्हटलं, मुलं काय, दर होळीला नाचतातच.

फोनने विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की का? प्रश्न दोनदा वाचा, मग पेन उचला, असं मी वर्गात इतक्यांदा म्हणतो की मुलं माझी नक्कल करताना तेच वाक्य म्हणतात. मी एकदाही नीट वाचला नाही. त्यांना एक फोन करता आला असता. तोही केला नाही.

बायको बाजारातून आली तेव्हा मी मोठ्या थाटात तिला सगळं सांगितलं. चोर कसा सापडला, कसा साफ केला. तिने पिशवी खाली ठेवली.

“पुसं म्हंजे? काय पुसं?”

“सगळं. फोटो, व्हिडिओ, सगळं. ती पोरगी टोप घालून...”

“ती पोर ते गयी ना हो,” ती म्हणाली. “गये साल, पडाववर, तापमा. तुमले सांगेल व्हतं मी.”

पडाव म्हणजे उसाच्या शेताकडेचा मजुरांचा तळ. तिथे मुलगी तापाने गेली. बायकोने मला सांगितलं होतं, जेवताना. मी तेव्हाही बहुतेक हूं म्हटलं असणार. मेथीची जुडी पिशवीतून घसरून जमिनीवर पडली होती. ती कुणी उचलली नाही.

मी मोबाइलच्या दुकानात धावलो. फोनमधलं सगळं आपोआप नेटवर चढवून जपणारं त्यांचं खातं त्या दुकानदारानेच काढून दिलं होतं. त्याने बराच वेळ खटपट केली. वर काय चढलं होतं? रेशनकार्ड. कोंबड्या. बांध. व्हिडिओ नव्हता. तो म्हणाला, मोठा होता, रोज थोडा चढत असेल, तोवर तुमचं नेट संपत असेल आणि दुसऱ्या दिवशी बहुतेक पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे महिनाभर माझ्या घरात जे चाललं होतं ते इतकंच. एक मुलगी वर चढायचा प्रयत्न करत होती आणि रोज दुपारी दोनला खाली येत होती. तिला कोण रोखतंय हे शोधायला हवं होतं. मी तिच्याच मागे लागलो होतो.

त्यानंतरचे दिवस मी होळी कधीच येऊ नये असं म्हणत काढले. वर्गात फळ्याकडे तोंड करून जास्त वेळ उभा राहायचो. ती वही मी बंबात घातली. व्हिडिओतल्या अर्ध्या मिनिटात ती आईला काय दटावत होती, ते आठवायचा प्रयत्न करायचो. ती भिलीत बोलत होती. इतकी वर्षं या भागात राहून मला ती येत नाही, म्हणून शब्दही माझ्याजवळ उरले नाहीत. तो व्हिडिओ शेवटचा बघणारा माणूस मी, आणि मला त्यातलं काही कळलेलं नव्हतं.

होळीच्या आठवडाभर आधी ते आले. उन्हाने काळवंडलेले, धाकट्या पोराला कडेवर घेऊन. मुलीच्या आईने पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी फोन मागितला. बायकोने तो पदराने पुसून तिच्या हातात दिला. फोन सुरू झाला आणि नमस्कार म्हणून भाषा निवडायला सांगू लागला. तिने बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग माझ्या बायकोकडे बघून म्हणाली, “हाऊ ते नवा व्हई गया.”

मग मी बोललो. मला ते आमच्या बोलीत सांगताच येईना. शुद्ध मराठीत, सभेत बोलावं तसं, ‘माझ्याकडून अनवधानाने’ वगैरे बोलत राहिलो. अनवधानाने! तिला त्यातलं किती कळलं कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघत नव्हती, फोनकडे बघत होती.

तो खाली मान घालून ऐकत होता, आठवीत असताना ऐकायचा तसा. मग म्हणाला, “नही सर. चूक मन्ही शे. मी तुमले बराबर सांगं नही.”

त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर मी जन्मभर त्याचा ऋणी राहिलो असतो. माझी चूक उचलून त्याने स्वतःच्या डोक्यावर घेतली, कारण सर चुकत नाहीत हे त्याला मीच शिकवलं होतं. त्याने पेटी उचलली, टोप कापडात गुंडाळला. ते गेले.

ते पुन्हा आमच्याकडे ठेव ठेवणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. मनातून तेच हवं होतं. पण दिवाळी झाली आणि ते आले. पेटी, डबा, टोप, भोपळे, घुंगरू, सगळं मी माझ्या हाताने माळ्यावर चढवलं. फोन त्यात नव्हता. टोप खुंटीला अडकवताना त्याची पिसं माझ्या चेहऱ्याला लागली आणि मला बराच वेळ शिडीवरून उतरता येईना.

खाली आलो तेव्हा मुलीची आई दारात उभी होती. त्या दिवसानंतर माझ्याशी ती एकदाही बोलली नव्हती. आता जरा संकोचून, आपल्यामुळे दुसऱ्याच्या घरी त्रास झाला की माणूस विचारतो तसं तिने विचारलं, “सर, आते नेट पुरस का?”

“पुरस,” मी म्हटलं.