अजून एक टाक

"अजून एक टाक गं," ती म्हणायची आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहायची. मी तिच्या सॅकमध्ये दगड टाकायची. खांदे जरा खाली जायचे. मग म्हणायची, "हां, आता बरं."

तुमच्याही बिल्डिंगमध्ये अशी एखादी असेल, जिला बघायला बायका गॅलरीत येतात. आमच्या गोरेगावात ही होती. पस्तिशीची, बिनलग्नाची, अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात बाटल्या तपासणारी. हिमालयातलं एक शिखर चढायचं म्हणून तिनं वर्षभराची बिनपगारी रजा काढली. रोज पहाटे दगडांची सॅक घेऊन चार मजले दहा वेळा चढायची. दगड चौथ्या मजल्यावर, माझ्या दाराशी ठेवलेले.

खालच्या काकू म्हणायच्या, "देवळाच्या पायऱ्या चढ, पुण्य तरी लागेल."

"देवाकडेच चाललेय काकू. जरा वरच्या."

रविवारी आम्ही दोघी आरेच्या जंगलात जायचो. चढावर मी बसले की ओरडायची, "ऊठ! एका दोराला दोघी असतात. एक बसली की दुसरी मेली." मी शिव्या घालत उठायची. खोटं कशाला सांगू, त्या रविवारांची मी वाट बघायची. लग्न झाल्यापासून मी कधी बिनकामाची चाललेच नव्हते.

माझा नवरा गिरणी बंद पडल्यापासून घरी बसलेला. रजेसाठी तिला बदली बाई द्यायची होती, तिनं मला नेलं. काम शिकवलं. बाटली उजेडापुढे धरायची, उलटी करायची, आत कचरा तरंगतो का बघायचं. मग एक इंग्रजी कागद पुढे केला. मी चौथी पास, तीही मराठीत.

"काय लिहिलंय?"

"तू माझ्या जागी बसणार, एवढंच. मी परत आले तरी ती खुर्ची तुझीच. मी दुसरीकडे बघेन. शब्द आहे माझा."

मी सही केली. वर्षभरात एक वाईट बाटली माझ्या हातून पुढे गेली नाही.

ती शिखराच्या खालूनच परत आली. हवा बिघडली होती. बर्फानं पायाचं एक बोट गेलं. आठ दिवस मी तिला जेवण नेऊन दिलं. नवव्या दिवशी कामावर गेले, तर खुर्चीत ती. साहेबांनी माझ्या सहीचा कागद मराठीत वाचून दाखवला. ती आली की मी जागा सोडायची, हक्क सांगायचा नाही. मी तिच्याकडे बघितलं. तिनं बाटली उजेडापुढे धरली होती. नुसती धरली होती, उलटी करत नव्हती.

संध्याकाळी जिन्यात गाठली. "तुला ठाऊक होतं?"

"मला परत जायचंय गं वर. नोकरी सोडली तर पैसे कुठून आणू?"

"आणि मी?"

ती कठडा धरून लंगडत निघून गेली.

महिन्याभरानं पहाटे दार वाजलं. सॅक अडकवून, पाठ करून उभी. "टाक गं."

मी टाकत गेले. एकेक करून सगळे दगड टाकले. ती 'बरं' म्हणाली नाही, मी थांबले नाही. दगड संपले तेव्हा घरातला वरवंटा आणून टाकला आणि दार लावलं. ती उतरताना ऐकू येत होती. प्रत्येक मजल्यावर थांबत होती.

पुढच्या वर्षी ती मुलुंडला राहायला गेली. वर पोचली की नाही, मी विचारलं नाही. वरवंटा तिच्याकडेच राहिला. माझ्याकडे पाटा आहे, नुसता.