एकटीच्या साक्षीवर

त्या दिवशी आमच्या वट्ट्यावर सासूबाई व्हत्या, धाकटे दीर व्हते, शेजारची हौसाक्का व्हती, कोपऱ्यात मी, आन् खाली पायरीवर कंपौंडर. ते पायरीवरच बसायचे. वर या असं त्यांना कुणी म्हणलं न्हाई, त्यांनीबी कवा इचारलं न्हाई. आष्ट्याच्या आसपास या माणसानं जेवढ्यांना मरणाची शिक्षा सुनावली, तेवढी सांगलीच्या जज्जानं साऱ्या जल्मात सुनावली नसंल.

मिशनच्या दवाखान्यातनं रिटायर होऊन गावात आलेले. काखेत मेणकापडात गुंडाळलेलं बायबल, चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधलेली. गावात काय बी झालं की पान उघडायचे. हौसाक्काच्या पोरानं आईला शिवी दिली, तर म्हणले, "मोशेच्या कायद्यात याला मरण हाय." हौसाक्का म्हणली, "मग त्याच्या वाटणीची भाकरी तुमी खाणार का?" देवाच्या सुट्टीदिवशी लाकडं वेचली, धोंडमार. चेटूक केलं, मरण. एकदा आमच्या बैलानं त्यांच्याच मांडीत शिंग घातलं. रगत गळतंय आन् हे वाचत्यात, बैलानं माणूस मारला तर बैल धोंड्यानं ठेचावा. मग सवताच टिंचर लावून घेतलं आन् बैलाला गुळाचा खडा चारला. म्हणले, "मी मेलो न्हाई. सुटला गडी."

दुष्काळाच्या पुढल्या साली माझ्या मालकाला उसाच्या कडंला कुणीतरी कुऱ्हाडीनं तोडलं. मी भाकरी घेऊन चालले व्हते. पळणाऱ्याच्या डोक्यावर तांबड्या काठाचं घोंगडं व्हतं. तसलं घोंगडं भावकीतल्या बाळूकडं व्हतं, आन् बांधावरनं त्याचं आमचं वाकडं. दीर म्हणले, "वैनी, बाळूचं तोंड बघितलं असंच सांगायचं." मी फौजदाराला तसंच सांगितलं. बाळूला धरून नेलं. दुसरं बघणारं कुणी नव्हतं. वकील म्हणला, फाशी व्हणार.

त्या दिवशी, म्हंजे माझ्या साक्षीच्या आदल्या दिवशी, वट्ट्यावर हेच बोलणं चाललं व्हतं. दीर म्हणले, "कंपौंडर, वाचा की आज तुमचं जिवाला जीव." मला वाटलं, आज तरी या माणसाचं पुस्तक माझ्या कामी येणार. त्यांनी वाचलंबी, जो माणसाचं रगत सांडील त्याचं रगत माणसाच्या हातनं सांडावं. सासूबाईंनी पदर डोळ्याला लावला. पण कंपौंडर थांबले न्हाईत. पानं उलटून पुढचं वाचलं. एकाच्या साक्षीवर कुणाला मारू नये. दोघं तरी पायजेत. आन् पहिला धोंडा साक्षीदारानंच टाकायचा.

पुस्तक मिटून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "पोरी, साक्षीला तू एकलीच. धोंडाबी तुझाच. तोंड दिसलं व्हतं का?"

"आवं कंपौंडर, नवरा माझा मेलाय."

"व्हय. म्हणून तर तुलाच इचारतोय."

दीर म्हणले, "उठा पायरीवरनं." ते उठले. पुन्हा त्या पायरीवर कवा बसले न्हाईत.

दुसऱ्या दिवशी सांगलीच्या कोर्टात मी सांगितलं, घोंगडं दिसलं, तोंड न्हाई. बाळू सुटला. सांजच्याला घरी आले तर दार लावलेलं. आतनं सासूबाई म्हणल्या, "नवऱ्यापरीस तुला त्या कंपौंडरचं पुस्तक गोड लागलं. जा, तेच खा."

सांगलीत हळद निवडायच्या कामाला लागले. धुळीनं खोकला धरला. महिन्या-पंधरा दिसानं कंपौंडर एस्टीनं यायचे, औषधाची बाटली घेऊन. मी त्यांना तोंडावर लय शिव्या दिल्या, बाजारातल्या बाया ऐकत उभ्या राहायच्या. ते म्हणायचे, "दोन चमचे, जेवल्यावर." एकदा इचारलं, "मी केलं ते बराबर का?" पोत्यावर बसून त्यांनी लय वेळ पानं चाळली. मग म्हणले, "हितं तुझं लिवलेलं न्हाई गं." एवढं जाड पुस्तक, आन् तेवढंच नव्हतं. त्या दिवशी मला त्यांची कीव आली. मी त्यांना च्या पाजला, माझ्या शेजारी बसवून.

ते गेले त्याला लय वर्सं झाली. बाळूबी गेला. आता कुणाला फाशी व्हायची न्हाई. तवा वाचणाऱ्याला एवढंच सांगणं हाय, माझ्या मालकाला कुणी मारलं हे तुमाला ठावं असंल, तर हळदीच्या पेठंत येऊन मला सांगा. मी कुणाला काय म्हणणार न्हाई.