सासूबाई हसल्याचा पुरावा

सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात आमच्या ह्यांचं आणि धाकट्या भावजींचं जे वाजलं, ते मी भांडी विसळता विसळता ऐकलं.

"आई जन्मात कधी हसली नाही," हे म्हणाले.

"हसली. मी फोटो काढलाय."

"दाखव."

"कॅमेऱ्याची बॅटरी मेलीय."

"बरी मेली ती वेळेवर!"

मी नळ बारीक केला. पाणी वाया जाऊ नये म्हणून नव्हे, पुढचं नीट ऐकू यावं म्हणून.

आता खरं सांगायचं तर सासूबाईंचा चेहरा म्हणजे सुट्टीच्या दिवशीचं दुकान, शटर खाली. त्या हसल्या म्हणणं आणि कपाट नाचलं म्हणणं सारखंच. पण भावजींच्या ते जिव्हारी लागलं. आईला हसवणारे जगात आपण एकटेच, आणि सख्खा भाऊ मानायला तयार नाही!

कॅमेरा डिजिटल, पण अगदी सुरुवातीचा, कपड्याच्या साबणाएवढा जाड. त्याच्या दोन बॅटऱ्या. एक कॅमेऱ्यात, दुसरी भावजींच्या काखेत. उबेत ठेवली की दोन फोटो जास्त देते, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे फोटो काढताना ते पंख दुखावलेल्या कोंबड्यासारखे उभे राहत. पुढे दोन्ही बॅटऱ्या उशीसारख्या फुगल्या, आणि तसल्या बनवायचंच बंद झालं होतं. आतलं कार्डही जुनं, कुठल्या दुकानातल्या कॉम्प्युटरला बसेना. म्हणजे फोटो बघायचा तर त्याच कॅमेऱ्यात, आणि कॅमेऱ्याला हवी तसलीच बॅटरी.

"काका, नवा कॅमेरा घ्या," दुकानदार म्हणाला. "हजारो फोटो मावतील."

"मला एकच हवाय हो," भावजी म्हणाले.

भावजी पाणीखात्यात मीटर वाचायला होते. घरोघरी जायचे, जिन्याखाली वाकून आकडा टिपायचे आणि उठता उठता विचारायचे, "खणात एखादा जुना कॅमेरा पडलाय का हो?" लोकांनी दिलं मेलं काय काय! घड्याळाचे सेल, फोनच्या बॅटऱ्या. एका आजोबांनी तर कानाचं यंत्रच दिलं. "मला ह्यातून काही ऐकू येत नाही, तुम्हाला काही दिसलं तर बघा."

आणलेली प्रत्येक बॅटरी आधी काखेत, मग कॅमेऱ्यात. एकीचं पितळी टोक उलट्या बाजूला. एक नखभर जाड. ती घासायला निघाले तेव्हा मी कानस पिठाच्या डब्यात लपवली.

मग एक बसली! कॅमेरा टुंई करून जागा झाला, त्याचं तोंड बाहेर आलं. आम्ही सगळे धावलो. आणि भावजींच्या बोटाला सवय फोटो काढायची, बघायची नव्हे. बोटाने आपलं नेहमीचं बटण दाबलं. लख्ख उजेड पडला आणि कॅमेरा गप्प. पुन्हा म्हणून ती बॅटरी चार्ज झाली नाही.

"काय निघालं?" ह्यांनी विचारलं.

"माझं नाक," भावजी म्हणाले.

नोकरी संपली तरी फेरी सुटली नाही. मीटर वाचायला नाही, तरी लोक दार उघडायचे. शेवटी एका शिवणकाम करणाऱ्या बाईंकडे तस्साच कॅमेरा सापडला. काच फुटलेली, पण बॅटरी ठणठणीत. भावजी जिना धावत चढून आले, ती बॅटरी आपल्या कॅमेऱ्यात घातली आणि कॅमेरा माझ्या हातात दिला.

"वहिनी, तुम्ही दाबा. माझं बोट नालायक आहे."

मी दाबलं. आधी नाक आलं. मग सासूबाई. तोंड उघडं, डोळे गच्च मिटलेले.

हे वाकले. "शिंकतेय."

"दादा!"

"शिंकच आहे. आईची शिंक मी ओळखतो."

भावजी मटकन खाली बसले. एवढी वर्षं दारोदार फिरून पदरात काय, तर शिंक! मला काही राहवेना. मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सासूबाईंच्या मागे कपाटाचा आरसा होता, आणि आरशात भावजी. एक पंख मिटलेला, जीभ बाहेर, आणि काखेतली बॅटरी घसरून चाललीय म्हणून एका पायावर तिरके झालेले.

"अहो, आरशात बघा," मी म्हटलं.

ह्यांनी बघितलं. आधी खांदे हलले, मग पोट, मग डोळ्यांतून पाणी.

"हसतेय रे," हे म्हणाले. "हे ध्यान समोर असल्यावर बिचारी करणार काय! मोठा करून आण, भिंतीवर लावू."

फोनने त्या फोटोचा फोटो काढा, असं मी सुचवलं. भावजींनी कपाळाला आठ्या घातल्या. "फोटोचा फोटो म्हणजे उष्टं, वहिनी."

मग सुरू झाली ते कार्ड वाचणाऱ्या यंत्राची शोधाशोध. त्यातली शेवटची खेप मला दुकानदाराने भावजी गेल्यावर सांगितली. नेहमीसारखेच आले म्हणे, हात अंगाला चिकटवून. त्याच्याकडची सगळी यंत्रं लावून बघितली, एकही बसलं नाही.

"नाही ना जमत, काका?"

"जमेल हो. बॅटरी नव्हती का मिळाली?"

ग्लासभर पाणी प्यायले. जाता जाता सवयीने गल्ल्याखाली वाकून पाण्याचं मीटर वाचलं, नळ गळतोय म्हणून दुकानदाराला झापलं, आणि पिशवी सावरत पायऱ्या उतरले.