जुमागुलची रिकामी खुर्ची

आमच्या दवाखान्यातल्या जुमागुल नर्सबद्दल गावात सध्या एकच गोष्ट सांगतात, आणि ती ऐकली की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून खरं काय झालं ते मीच सांगते. मी पेरिझात, तिथली सुईण. सगळं माझ्यासमोर घडलं.

जुमागुल एजे, म्हणजे आमच्याकडे ताई, माझ्या थोरल्या बहिणीच्या वयाची. नवरा रशियात बांधकामावर. मुलं तिने एकटीने वाढवली. बर्फाने वरच्या वस्त्यांची वाट बंद झाली की ही बाई लसींचा डबा कोटाच्या आत धरून घोड्यावरून जाते. कुणी कौतुक केलंच तर म्हणते, "कौतुक घोड्याचं करा, मी नुसती वर बसते."

मुख्य डॉक्टर मेदेत सापारोविच हे तिचे थोरले चुलत दीर, आणि इथेच घोडं पेंड खातं. थोरले दीर बसलेले असताना घरच्या सुनेने चहा ओतायचा, ही आमची रीत. घरात ठीक आहे. पण या गृहस्थांनी घर उचलून दवाखान्यात आणलं. ती कुणाच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत असली तरी आतून हाक यायची, "सूनबाई, चहा!" आणि पन्नाशीला टेकलेली ती बाई पट्टा सोडून किटली उचलायची.

गेल्या वर्षी मेंढरं डोंगरावरून खाली उतरली त्या सुमाराला राजधानीहून, बिश्केकहून, तीन दिवसांसाठी दोन प्रशिक्षक आले. डॉक्टर, नर्स, सुईण यांनी एक संघ होऊन पेशंट कसा सांभाळायचा, हे ते शिकवणार होते. शिकलेल्या नर्सला स्वतःची खोली मिळणार होती. रक्तदाबाचे आणि साखरेचे पेशंट तिने तिथे स्वतः पाहायचे. अट एवढीच, की सरावात भाग घेतला पाहिजे. त्या खोलीला जुमागुलने आधीच स्वतःच्या हाताने रंग दिला होता. ब्रश धुताना मला म्हणाली, "तिथे मला पेशंटच हाक मारतील ना गं? दुसरं कुणी नाही?"

पहिल्या दिवशी आम्हाला खुर्च्यांचा गोल करून बसवलं. गोलात कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही, असं प्रशिक्षक बाई म्हणाल्या. मेदेत सापारोविच दाराच्या बरोबर समोरच्या मानाच्या जागी बसले आणि बोलले, "सूनबाई, पाहुणे लांबून आलेत." झालं. जुमागुल उठली ती उठलीच. तिच्या खुर्चीवर पाहुण्यांचे कोट पडले.

मी मदतीला उठले तर तिने मला दटावलं, "बस खाली. दोघींची खुर्ची घालवतेस का?"

आणि ते प्रशिक्षक! तोंडाने समानता चालली होती, आणि तिच्याकडे न बघता चहाचा रिकामा वाडगा पुढे करत होते. मला त्यांचा दिरांपेक्षा जास्त राग आला. दिरांनी निदान समानतेवर भाषण तरी केलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी सराव होता. खोटा पेशंट, गोळ्या अर्ध्यात सोडलेला. प्रशिक्षकांनी विचारलं, "नर्स कोण?"

जुमागुल किटली घेऊन दारातच उभी होती. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात दीर म्हणाले, "तिची पाहुण्यांच्या मांसाची कढई चुलीवर आहे. नर्स म्हणून आपली चोल्पोन बसेल."

चोल्पोन म्हणजे आमची हिशेबनीस! बिचारीने सुई कधी शिवणापलीकडे हातात धरली नव्हती. "अहो, मला रक्त बघून चक्कर येते," ती म्हणाली. सगळे हसले. पाहुणेही हसले. कोट बाजूला सारून चोल्पोनला त्या खुर्चीवर बसवलं.

जुमागुल आत आली. दिरांचा वाडगा घेतला, भरला, दोन्ही हातांनी त्यांच्यापुढे ठेवला. काठोकाठ.

गोलातलं हसू जागच्या जागी थांबलं. आमच्याकडे चहा अर्धा वाडगा ओततात, म्हणजे वाडगा फिरत राहतो आणि माणूस बसून राहतो. काठोकाठ भरून देतात तो ज्याने आता उठावं त्याला. आणि इथे सून दिराला देत होती!

"हात थरथरला वाटतं," मेदेत सापारोविच कसंबसं म्हणाले.

"हात धड आहे, भाऊजी." तिने चोल्पोनकडे पाहिलं. "चोल्पोन, ऊठ गं. ती जागा माझी आहे." मग प्रशिक्षकांकडे वळली. "तुम्हालाही भरून देऊ, की विचारताय नर्स कोण ते?"

प्रशिक्षक बाईंनी मान खाली घातली. "नर्स कोण?" त्यांनी हळूच विचारलं.

"मी," म्हणत जुमागुल बसली.

सराव सुरू झाला. थोड्याच वेळात स्वयंपाकघरातून मांस लागल्याचा वास आला. मेदेत सापारोविचनी तिच्याकडे पाहिलं. चोल्पोनने पाहिलं. प्रशिक्षकांनी पाहिलं. खरं सांगायचं तर मीसुद्धा पाहिलं. जुमागुल खोट्या पेशंटला विचारत होती, "गोळ्या का सोडल्यास रे बाबा?" तिने मान वळवली नाही. वास वाढला, धूर दारापर्यंत आला, तरी एकाही माणसाने खुर्ची सोडली नाही.

प्रमाणपत्र तिला मिळालं, खोलीही मिळाली. दिरांनी तिच्या घरी येणं बंद केलं. नवऱ्याने रशियातून फोनवर शिव्या घातल्या. आणि गावात सांगतात, जुमागुलने पाहुण्यांचं मांस करपवलं.

तिने नाही करपवलं. आम्ही सगळ्यांनी मिळून करपवलं. त्या तीन दिवसांत आमच्या संघाने एकजुटीने केलेलं तेवढं एकच काम.