पाटकरीणबाई आणि मागचा ॲक्सल

आयडेला क्रॉग्स्टाड तेवीस वर्षं पाटकरीण आहे. मॉंटानातल्या त्या खोऱ्यात कुणाच्या शेताला किती तास पाणी, हे ती ठरवते. एकोणीस शेतकऱ्यांपैकी प्रत्येकाने तिला कधी ना कधी शिव्या घातल्यात आणि प्रत्येकाने नंतर पाय ओढत येऊन माफीही मागितलीय.

पाटाचं दार ओढ्यापलीकडे आहे. एकोणऐंशी सालचा ट्रक पाण्यातून घालायचा, पुढच्या चढावर उभा करायचा, हँडब्रेक ओढायचा, आणि खाली दारापाशी येऊन दार उघडायचं चाक फिरवायचं. एप्रिलमध्ये दाराची डागडुजी करताना तो ट्रक आपणहून मागे घरंगळला आणि दाराचा कठडा मोडून थांबला. आयडेला दोन हात अंतरावर उभी होती.

"तुझं नशीब म्हणून वाचलीस," पाट-मंडळाचा अध्यक्ष ऑर्व्हल म्हणाला. तो तिचा शाळासोबती. "शनिवारी पाणी सोडायचंय. तोवर ट्रक धड नसेल तर मंडळातली पोरं तुझ्या जागी लायलला नेमा म्हणतायत. मी काही बोलू शकणार नाही."

"तू कधी बोललायस?" आयडेला म्हणाली.

घरी आल्यावर मात्र तिला रडू फुटलं. पगार बेताचाच होता, तो जाण्याचं दुःख नव्हतं. पण उन्हाळ्यात पहाटे पाचला कुठे जायचं नाही, ही कल्पनाच तिला सोसेना. डोळे पुसून ती ट्रकखाली शिरली.

मागच्या चाकांचे ब्रेक लायनर तेलाने माखले होते, म्हणून हँडब्रेक धरत नव्हता. ॲक्सलमधलं तेल अडवणारं सील गळतंय. पण सील तिने तीन वर्षांत तीनदा बदललं होतं, आणि दर वेळी सुट्या भागांच्या दुकानात जाऊन खराब सील दिलं म्हणून दुकानदार लिंडनची हजेरी घेतली होती. चौथं सील आणायच्या आधी तिने या वेळी ॲक्सलच्या वरच्या अंगाला चाचपून पाहिलं. चिखलाच्या थराखाली हाताला एक बोल्ट लागला.

तो तिनेच ठोकलेला होता. तिथे खरं तर ॲक्सलला हवा यायला-जायला एक छोटा नळ असतो. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात बुडला की आतली हवा आक्रसते आणि त्या नळातून पाणी शोषून घेते. म्हणून खोऱ्यात सगळेच तिथे बोल्ट मारून मोकळे होतात. ॲक्सल तापला की आतली फुगलेली हवा मग जाणार कुठे, हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. ती सील ढकलून तेल घेऊन बाहेर पडत होती.

आयडेलाने बोल्ट सैल केला. आतून फुस्स आवाज आला. तिला स्वतःचा असा राग आला की तिने पाना जमिनीवर आपटला. मग दुकानात गेली.

"लिंडन, सीलं बरी होती. अक्कल माझी गळत होती."

"हे जरा लेखी देतेस का?" लिंडन म्हणाला आणि आटे पाडायचा टॅप तिच्या हातात दिला.

बोल्टने जुने आटे खाऊन टाकले होते, म्हणून एक माप मोठे पाडावे लागले. टॅपला ग्रीस थापलेलं, म्हणजे लोखंडाचा कीस त्यालाच चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बाहेर काढून पुसायचा, पुन्हा ग्रीस. घाई केली की टॅप आत मोडतो. खांदा भरून आला तरी तिने सोडलं नाही. मग ॲक्सलचं झाकण उघडून आत पडलेला कीस धुतला, नवा नळ बसवला आणि त्याची रबरी नळी थेट पेट्रोल भरायच्या तोंडापर्यंत वर नेली. तिथे ओढ्याचं पाणी पोचत नाही. सील नवं, लायनर नवे. गुरुवार आणि शुक्रवार त्यातच गेले.

शनिवारी ऑर्व्हल शेजारी बसला. ट्रक ओढ्यातून गेला, चढावर थांबला. आयडेलाने हँडब्रेक ओढला, गियर काढला, इंजिन बंद केलं.

"अगं, चाकाला दगड तरी लाव."

"नाही लावणार."

"आयडेला, वेडेपणा करू नकोस. मी आहे ना आत, पाय ठेवतो ब्रेकवर."

"ब्रेकला पाय लावलास तर बघ. खाली उतर आणि लांब उभा राहा."

ती उतरली, ट्रकच्या बरोबर मागे, दाराच्या चाकापाशी गेली. चढाकडे पाठ केली आणि चाक फिरवू लागली. दार पूर्ण उघडायला साठ फेरे लागतात. ऑर्व्हल ट्रककडे बघत घाम पुसत राहिला. पाणी पाटात शिरून पहिल्या वळणापर्यंत पोचलं, तोवर आयडेलाने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.