धर्मेशभाईंचा दात आणि खालचं दुकान

धर्मेशभाईंच्या दातावरची कॅप अर्धी कापून झाली होती, तेवढ्यात मागच्या बाल्कनीत 'फट्ट' असा आवाज झाला आणि माझ्या हातातला एअरोटर थांबला.

एअरोटर म्हणजे दात कोरायचं ते मशीन, ज्याच्या नुसत्या आवाजाने लोक खुर्चीचे हात घट्ट धरतात. तो विजेवर फिरत नाही, हवेवर फिरतो. हवा बाल्कनीतल्या कॉम्प्रेसरमधून येते, एका निळ्या नळीतून. नळीत हवा नसली की दातांचा डॉक्टर नुसता दात बघू शकतो. बघण्याचे पैसे कोणी देत नाही.

"फुं थयुं, डॉक्टर?" धर्मेशभाईंनी विचारलं. त्यांना 'शुं थयुं', म्हणजे काय झालं, असं म्हणायचं होतं. पण वरच्या ओठाला इंजेक्शन दिलेलं होतं.

"काही नाही. दोन मिनिटं."

धर्मेशभाई वर्षभर विम्याचं काम करतात आणि नवरात्रात स्टार असतात. बडोद्याच्या गोरव्यातल्या एका मोठ्या सोसायटीच्या मैदानावर ते गरबा गातात. त्यांच्या पुढच्या दातावर जुनी कॅप होती, तिचा कोपरा आदल्या दिवशी उडाला. कशाने, तर "काहीच खाल्लं नव्हतं, नुसती सुपारी." त्या फटीतून हवा जायची आणि 'स' म्हटला की शिट्टी वाजायची. त्यांचा त्या रात्री प्रोग्राम होता. माझा बेत सोपा होता. जुनी कॅप कापून काढायची, वर प्लास्टिकची तात्पुरती बसवायची, आणि पक्की दसऱ्यानंतर.

आता मी मधेच अडकले होते. अर्धी कॅप दातावर, अर्धी ट्रेमध्ये. राहिलेल्या अर्धीची कड इतकी धारदार की तिच्यावर काही बसवता येईना. ते आले तेव्हा यापेक्षा बरे दिसत होते, असं म्हणायची वेळ आली.

ज्योत्स्नाबेन बाल्कनीतून आत आल्या. त्या माझ्या असिस्टंट. अपॉइंटमेंट देण्यापासून घाबरलेल्या पेशंटचा हात धरण्यापर्यंत सगळं त्याच करतात. त्यांच्या तळहातावर अंगठ्याएवढा एक तुकडा होता. "मॅडम, कनेक्टर फाटला." नळी आणि कॉम्प्रेसर यांना जोडणारा तो तुकडा. उभा चिरला होता.

मी कंपनीला फोन लावला. माझ्याकडे एएमसी होती, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार. बरंच संगीत ऐकवल्यावर एक गोड आवाज आला.

"मॅम, आपकी कंप्लेंट रजिस्टर हो गई है. इंजिनिअर गुरुवार को व्हिजिट करेंगे."

"आज सोमवार है. पेशंट मुँह खोलके बैठा है."

"जी मॅम, मैं समझ सकती हूँ. गुरुवार को सुबह ठीक रहेगा या दोपहर?"

मी सकाळ सांगितली. काय सांगणार?

"और मॅम, तब तक बाहर का कोई पार्ट मत लगाइए. वॉरंटी चली जाएगी."

दुसऱ्या एखाद्या डॉक्टरकडे पाठवावं, तर दुपारचे दोन वाजलेले. बडोद्यात दुपारी दवाखाने झोपतात. माझं सासर जुन्या शहरातल्या घडियाळी पोळेतलं, तिथे तर या वेळेला कुलूपसुद्धा झोपलेलं असतं. फक्त आमच्या जिन्याखालचं प्रवीणभाईंचं हार्डवेअरचं दुकान उघडं असायचं. कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या वर्कशॉपचे लोक, आणि मशीनला दुपारची झोप नसते.

एकीकडे वॉरंटी, दुसरीकडे धर्मेशभाई. धर्मेशभाई तोंड उघडं ठेवून माझ्याकडेच बघत होते. वॉरंटीला डोळे नसतात. मी ज्योत्स्नाबेनना खाली पाठवलं.

त्या रिकाम्या हाताने परत आल्या. "ते विचारतात, शेना माटे जोईए छे, कशासाठी हवंय. आणि आटे आतून की बाहेरून. आणि मॅडमला खाली पाठवा म्हणाले."

प्रवीणभाईंच्या दुकानाची सोय काय सांगावी! वस्तूचं नाव तुम्हाला माहीत नसलं तरी चालतं. "ते गोल, मधे भोक असलेलं" एवढ्यावर काम होतं. एक खिळा मागितला तर एकच मिळतो. घरी नेऊन लावून बघायचं, नाही बसलं तर परत आणायचं, कोणी कपाळाला आठी घालत नाही. फक्त एक आहे. कशासाठी हवं ते सांगितल्याशिवाय वस्तू मिळत नाही. मी पेशंटची जेवढी हिस्टरी घेत नाही तेवढी ते नळाच्या वॉशरसाठी घेतात.

मी मास्क हनुवटीखाली ओढून खाली गेले. दुकानात दोन फिटर स्टुलांवर बसून चहा पीत होते.

"आवो आवो, डॉक्टरबेन! बेसो."

"बसायला वेळ नाही. अगदी असाच द्या."

त्यांनी तुकडा उजेडात धरून फिरवला. मी एक्स-रे धरते तसाच. "तुटला कसा?"

"आपोआप."

"आपोआप काही तुटत नाही. कोणीतरी नळी ओढली असणार." सुपारीबद्दल मी ज्या आवाजात बोलते तोच आवाज. "वर पेशंट आहे?"

"आहे."

"लाल गाडीवाळा?"

पेशंटचं नाव सांगायचं नाही हा आमच्या धंद्याचा नियम. पण ती लाल गाडी दुकानासमोरच उभी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना धर्मेशभाईंचा हातभर फोटो होता. हातात माइक, तोंडभर हसू, सगळे दात दिसतायत. मी काही बोलले नाही. फोटो बोलला.

"अरे, आज तर एमनो प्रोग्राम छे!" एक फिटर चहाचा कप ठेवून उभाच राहिला. त्या क्षणापासून तो कॉम्प्रेसर माझा राहिला नाही, पूर्ण गोरव्याचा झाला.

प्रवीणभाईंनी मागच्या डब्यांतून एक कनेक्टर काढला. "आ लो. न बसला तर माझं नाव बदला."

वर आले. नळीच्या बाजूने बसला. कॉम्प्रेसरच्या बाजूने आटे जुळेनात. खाली गेले.

"नाव काय ठेवू तुमचं?" मी विचारलं.

"कॉम्प्रेसर इम्पोर्टेड आहे हे आधी सांगायचं ने!" असं म्हणून त्यांनी दुसरा दिला. या वेळी नावाचं काही बोलले नाहीत.

दुसरा दोन्हीकडून बसला. ज्योत्स्नाबेननी बटण दाबलं. धर्मेशभाईंनी मोठ्या आशेने तोंड उघडलं. एअरोटर फिरला, पण व्होल्टेज कमी असताना पंखा फिरतो तसा. बाल्कनीतून बारीक 'स्स्स' ऐकू येत होतं. धर्मेशभाईंना येत नव्हता तो 'स' कॉम्प्रेसर बिनचूक म्हणत होता.

मी जिन्यातूनच ओरडले, "प्रवीणभाई, आता तुम्हीच वर या."

"हुं? वर? दुकान कोण बघेल?"

"अमे छीए ने!" दोघे फिटर एकदम म्हणाले.

ते अडकले. इतकी वर्षं खाली दुकान, वर दवाखाना, पण प्रवीणभाई कधी वर आले नव्हते. त्यांची एक दाढ दुखते हे मला ठाऊक होतं, कारण ते शेंगदाणे एकाच बाजूने चावायचे. दाढ धरून आलेल्या गिऱ्हाइकाला ते "वर जाओ, डॉक्टरबेनचा हात हलका" म्हणून पाठवायचे. स्वतःची दाढ मात्र त्यांनी मला आजतागायत दाखवलेली नाही.

पाना आणि पांढरी टेप घेऊन ते आले. बाल्कनीत जायचं तर खुर्चीजवळूनच जावं लागतं. त्यांनी नजर छताला लावली आणि भिंतीला घासत निघाले.

"आवो प्रवीणभाई," धर्मेशभाई म्हणाले, "बेफो ने."

"ना ना! हुं तो फक्त हवा माटे आव्यो छुं."

बाल्कनीत पोचल्यावर त्यांचा आवाज परत आला. आट्यांवर ती पातळ टेप गुंडाळायची, म्हणजे फटीतून हवा जात नाही. ते करून त्यांनी पाना आवळला. स्स्स थांबलं. एअरोटरने आपला नेहमीचा, सगळ्यांना नकोसा वाटणारा सूर धरला. मला त्या दिवशी तो फार गोड वाटला. प्रवीणभाई मात्र तो ऐकताच आले तसे छताकडे बघत, पण दुप्पट वेगाने खाली गेले.

मी उरलेली कॅप काढली, तात्पुरती बसवली, आरसा दिला. धर्मेशभाई हसले. मग म्हणाले, "फरफ!" त्यांना 'सरस' म्हणायचं होतं. दोघांचेही चेहरे उतरले.

"ओठ बधीर आहे म्हणून," मी म्हटलं.

"नक्की?"

नक्की नव्हतं. कॅप केसभर लांब राहिली तरी 'स' बिघडतो, आणि ओठ जागा होईपर्यंत दोष ओठाचा की कॅपचा हे कळायला मार्ग नाही. मी ते तसंच सांगून टाकलं. "लांब जाऊ नका. खाली थांबा. चहा पिऊ नका, ओठ भाजेल आणि कळणारही नाही."

ते प्रवीणभाईंच्या स्टुलावर जाऊन बसले. आता हार्डवेअरच्या दुकानात माणूस नुसता किती वेळ बसणार? पुढचे पेशंट करता करता मी अधूनमधून जिन्यातून डोकावत होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या मांडीवर दाराची कडी होती. नंतर कडीबरोबर नळ आला. मग पडद्याचे रॉड आले आणि कशासाठी कोण जाणे, मोठी पहारही आली. चहा बंद, बोलणं बंद, मग माणूस खरेदी तर करणारच. माझ्यापेक्षा त्या दाताचा धंदा प्रवीणभाईंना जास्त झाला.

चहाच्या वेळेला खालून हाक आली. "डॉक्टरबेन! होठ जागी गया!"

मी आणि ज्योत्स्नाबेन खाली धावलो. धर्मेशभाई पाइपांच्या भेंडोळ्यांमधे उभे राहिले, घसा साफ केला आणि 'सा' लावला. मग गरब्याची एक ओळ. दोघे फिटर लगेच टाळीवर आले.

"ताळी बंध!" प्रवीणभाई ओरडले. "सांभळवा दो! ऐकू द्या!"

बाकीचे गरबा ऐकत होते. मी एकटी 'स' ऐकत होते. ओळीच्या शेवटी अगदी बारीक शिट्टी आली. म्हणजे दोष कॅपचाच होता.

"वर चला," मी म्हणाले. कॅप केसभर घासली. परत खाली आणलं. परत तीच ओळ. शिट्टी गेली. खात्रीसाठी मी आणखी एकदा म्हणायला लावली. या वेळी टाळीला कोणी अडवलं नाही. प्रवीणभाईच ताल देत होते, हातातल्या पान्याने, लोखंडी पाइपवर. रस्त्यावरची दोन माणसं थांबली आणि विचारायला लागली, दुकानाचं उद्घाटन आहे का.

दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नाबेन जांभया देत आल्या. प्रोग्राम मस्त झाला म्हणाल्या. "आणि दात?" मी विचारलं. "दाताकडे लक्षच गेलं नाही, मॅडम." आमच्या धंद्यात याहून मोठं सर्टिफिकेट नाही.

गुरुवारी सकाळी कंपनीचा इंजिनिअर आला. अगदी वेळेवर. टाय, बॅग, बुटांवर कव्हर. त्याने कॉम्प्रेसर चालू केला, बंद केला, टॉर्च मारून कनेक्टर नीट पाहिला. "बाहर का कुछ लगाया तो नहीं ना, मॅम?" मी उत्तर जुळवतच होते, तेवढ्यात तो स्वतःच म्हणाला, "नहीं, दिख रहा है. ओरिजिनल पार्ट की बात ही अलग होती है." मी त्याला चहा दिला आणि त्याच्या कागदावर सही केली.

आता मी नव्या डॉक्टरांना दवाखान्यासाठी जागा बघून देते. कंपनीचा माणूस एकदाच येतो आणि बरोबर येतो, पण गुरुवारी. दुकानदार दोनदा चुकला तरी तासाभरात तिसऱ्यांदा बरोबर येतो, कारण तो जिन्याखाली असतो. म्हणून ही मुलं पार्किंग, पाणी आणि लिफ्ट मोजत असतात तेव्हा मी आधी खाली कशाचं दुकान आहे ते बघते. मिठाईचं असेल तर पेशंट येतील. हार्डवेअरचं असेल तर आलेल्यांना काम पुरं करून घरी पाठवता येईल.